वहिनींचा गणपती कोणत्या टीमचा?

मी सव्वीस वर्षं ऑकलंडच्या विमानतळावर लोकांच्या बॅगा तपासल्या. बाहेरून या देशात बिया, फळं, मध, कीड येऊ नये म्हणून जे सरकारी खातं आहे, त्यात मी होते. खायचं काही आणलंय का, असं विचारलं की आपल्याकडच्या मावश्या माझ्या छातीवरचं मराठी आडनाव वाचून गोड हसायच्या आणि नाही म्हणायच्या. पटकन नाही म्हणणाऱ्या बहुतेक खऱ्या असायच्या. ज्या आधी बॅगेकडे, मग माझ्याकडे बघून, जरा थांबून "नाही गं" म्हणायच्या, त्यांच्या साड्यांच्या घडीत लोणच्याची बरणी निघायचीच. उत्तर ऐकायचं नसतं, उत्तराच्या आधी गेलेला वेळ बघायचा असतो, हे मी तिथे शिकले.

रिटायर झाले तरी ही खोड गेली नाही. घरचे म्हणतात की मी फ्रीज उघडतानासुद्धा संशयाने उघडते. असेल. म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वहिनींनी जरा जास्त वेळ लावला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. दीर गेल्यापासून त्या हिल्सबरोच्या घरात एकट्याच राहायच्या, आणि आम्ही नवराबायको तिथून गाडीने दहा मिनिटांवर. जावा-जावांचं जसं असतं तसं आमचंही होतं. चटणीत लसूण किती आणि मुलांना शिस्त किती, यावर आमचं कधी जमलं नाही. जमलं ते फक्त बास्केटबॉलवर. आमच्या शहराची टीम सुरू झाली तेव्हा मुलांच्या शाळेतून चार तिकिटं फुकट आली होती. मी पुण्यात शाळेच्या टीममधून खेळलेली, त्यामुळे मला जायचंच होतं. आमचे नवरे, दोघे भाऊ, क्रिकेट सोडून कशाकडे बघायचे नाहीत. मला तेव्हा गाडी येत नव्हती म्हणून वहिनी मला सोडायला आल्या, बाहेर गाडीत विणत बसण्यापेक्षा आत येऊन बसल्या, आणि तिसऱ्या क्वार्टरला माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायला लागल्या. तेव्हापासून आम्ही दोघी दर सीझनला त्याच दोन खुर्च्यांवर. माझी कडेची, त्यांची माझ्या डावीकडची.

आमच्या पद्धती ठरलेल्या होत्या. आत डबा नेऊ देत नाहीत, म्हणून कार पार्कमध्येच गाडीत बसून थालीपीठ खायचं. आमच्या खेळाडूचा फ्री थ्रो असताना दोघींनी एकमेकींकडे बघायचं नाही. वहिनींनी विणलेले दोन हिरवे स्कार्फ घालायचे. ते सीझन संपेपर्यंत धुवायचे नाहीत, कारण धुतले की जिंकलेलं धुऊन जातं. सीझन संपला की मी दोन्ही धुवायचे आणि वहिनींचा त्यांना नेऊन द्यायचे. ती लोकर इतकी वाईट होती की पहिल्या दिवसापासून तिची लव सगळ्याला चिकटायची. थालीपीठालासुद्धा.

आणि फायनल असली की वहिनी देव पाण्यात ठेवायच्या. त्यांचा पितळी गणपती स्टीलच्या वाडग्यात बुडवून ठेवायच्या आणि टीम जिंकेपर्यंत बाहेर काढायच्या नाहीत. जिंकली की पंचामृताने आंघोळ आणि मोदक. हरली की दुसऱ्या दिवशी गुपचूप काढून पुसून ठेवायच्या, त्याच्याशी एक अक्षर न बोलता. माझं देवाधर्माचं फारसं नाही. मी त्यांच्या देव्हाऱ्याला कधी हात लावत नसे. पण फायनलच्या दिवशी मीसुद्धा फोन करून विचारायचे, ठेवला का म्हणून.

तर मागच्या फेब्रुवारीत आमची टीम प्ले-ऑफच्या आधीच बाहेर पडली. शेवटच्या घरच्या मॅचनंतर क्लबने जुन्या लोकांना थांबवलं. सुरुवातीपासून येणाऱ्यांच्या आठवणी त्यांना रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या. आम्ही दहाबारा जण होतो, बहुतेक पांढऱ्या केसांचे, दोघे काठी घेऊन. मला तेव्हाच शंका आली की आठवणी गोळा करतात म्हणजे आम्हाला आमच्या चांगल्या खुर्च्यांवरून उठवायचा विचार दिसतो. पण कॅमेरावाली मुलगी गोड होती. किया ओरा, असा माओरी नमस्कार करून प्रत्येकाला चहा देत होती.

सगळे भरभरून बोलले. आमच्या मागच्या रांगेतला एक निवृत्त प्लंबर जुन्या छोट्या हॉलबद्दल बोलला. तिथे पाऊस आला की छत गळायचं आणि मॅच थांबवून लोक टॉवेलने कोर्ट पुसायचे. एक बाई म्हणाल्या की सलग अकरा मॅच हरलो त्या वर्षी त्या एकही मॅच चुकल्या नाहीत, आणि नवऱ्याने त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. मी सांगितलं की वहिनींनी एकदा आमच्या टीमच्या अमेरिकन खेळाडूला बेसनाचा लाडू दिला, तर पुढच्या सीझनला तो ताडमाड माणूस स्टँडमध्ये चढून येऊन "ते पिवळे बॉल" मागायला लागला. सगळे हसले. मग वहिनींची पाळी आली. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, पण गोष्ट सांगायची हातोटी चांगली. मनगटाला प्लास्टर असताना आलेली मॅच, पहिली जिंकलेली फायनल, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. पण सगळं भूतकाळात. आम्ही यायचो, आम्ही बसायचो, आम्ही ओरडायचो.

शेवटी मुलीने विचारलं की तुम्हाला कधी दुसऱ्या टीमचा मोह झाला का? बाकीच्यांना विचारलं तेव्हा सगळे नेव्हर म्हणून मोकळे झाले होते. वहिनींनी आधी हातातल्या पर्सकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, "नो, नो."

मी ते थांबणं ओळखलं. घडीत लोणचं होतं.

एकदा संशय शिरला की पुरावे आपोआप सापडायला लागतात. घरी जाताना मी म्हटलं, पुढच्या सीझनची मेंबरशिप लवकर रिन्यू करू या, खुर्च्या जातील. वहिनी म्हणाल्या, "बघू." वीस-बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून या बाबतीत बघू हा शब्द आला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजमध्ये कुंड्या उचलून द्यायला गेले, तर फडताळात एक पिवळी टोपी. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात ज्या शहरात असतो तिथल्या टीमची. आमची टीम ऑस्ट्रेलियाच्याच लीगमध्ये खेळते, आणि ही टीम म्हणजे आमचं जन्माचं वैर. तिने आम्हाला दोन फायनलमध्ये हरवलंय आणि तिचं नाव आम्ही घरात काढत नाही. मी टोपीकडे बोट दाखवलं. वहिनी म्हणाल्या, नातवाने पाठवली, टाकवत नाही. असेल बुवा, म्हटलं. पण टोपीवर धूळ नव्हती.

नवऱ्याला सांगितलं तर तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं दिसतं." त्याला वाटलं मोठा विनोद केला. मला राग आला, आणि राग का आला तेही सांगते. कोणी कुठली टीम धरावी याच्याशी मला काय करायचं होतं? मला एवढंच हवं होतं की माझ्या डावीकडच्या खुर्चीवर वहिनी असाव्यात. या देशात मी मैत्रिणी फारशा केल्या नाहीत. विमानतळावरच्या कामाने माणसं जोडली जात नाहीत, दुरावतात. मॅचच्या त्या दोन तासांत मात्र मला कोणाचाच संशय यायचा नाही. ते जाणार असेल तर मला आधी कळायला हवं होतं. आणि वहिनी काही सांगत नव्हत्या. पाणी कुठेतरी मुरत होतं.

पाणी प्रत्यक्षच दिसलं ते मार्चमधल्या एका शनिवारी. दुसऱ्या दिवशी लीगची फायनल होती. आमची टीम नव्हतीच, पिवळे होते. मी धुतलेला स्कार्फ द्यायला हिल्सबरोला गेले. मागचं दार नेहमीसारखं उघडं होतं आणि वहिनी बागेच्या खालच्या टोकाला लिंबाच्या झाडाशी फोनवर बोलत होत्या. त्यांची माझ्याकडे पाठ होती. मी आत गेले. जेवणाच्या टेबलावर कागदांची एक फाइल उघडी पडली होती आणि वर चष्मा. मी त्या कागदांकडे बघितलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण कोणाला खरं वाटणार नाही. माझा संशयी स्वभाव मला मान्य आहे. पण सव्वीस वर्षं लोकांचं सामान उचकटल्यावर मी स्वतःशी एक नियम केला होता: नोकरीबाहेर दुसऱ्याचे कागद वाचायचे नाहीत. मी मान वळवली, आणि ती नेमकी देव्हाऱ्याकडे वळली.

गणपतीची जागा रिकामी होती. खाली स्टीलचा वाडगा, आणि त्यात गणपती बुडालेला.

मला काय झालं ते आज सांगतानाही लाज वाटते. उद्या फायनल, आमची टीम नाही, पिवळे आहेत आणि आमचा गणपती पाण्यात. आमचा म्हणते, कारण इतकी वर्षं तो आमच्यासाठीच पाण्यात बसला होता. ज्याने आम्हाला तीन फायनल जिंकून दिल्या त्याला त्या माणसांसाठी कामाला लावायचं? मी वाडग्यात हात घातला. गणपती बाहेर काढला, हातातल्या स्कार्फने खसाखसा पुसला, जागेवर ठेवला. वाडग्यातलं पाणी सिंकमध्ये ओतलं, वाडगा पालथा घातला. स्कार्फ ओला झाला होता म्हणून तो परत पिशवीत टाकला. मग बाहेर येऊन लांबूनच हात केला. वहिनींनी फोनवर बोलत बोलतच हात हलवला. मी गाडीत बसले आणि निघाले.

रविवारी दुपारी फायनल बघितली. पिवळे चार पॉइंटने हरले. शेवटच्या मिनिटात त्यांच्या सगळ्यात भरवशाच्या माणसाने दोन फ्री थ्रो घालवले आणि मी सोफ्यावरून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. देव न्यायी आहे, असं त्या दिवशी माझ्यासारख्या नास्तिक बाईला वाटलं.

सोमवारी सकाळी मी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात जाऊन गरम जिलबी घेतली आणि तशीच वहिनींकडे गेले. सांत्वनाला गेले होते असं म्हणायची सोय ठेवून मी त्यांचा चेहरा बघायला गेले होते. वहिनी टेबलाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, काल वाईट झालं, नाही? त्यांनी विचारलं, काय वाईट झालं? मी म्हटलं, फायनल. पिवळे हरले. तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी परक्या भाषेत बोलतेय.

"काल फायनल होती का?" त्या म्हणाल्या.

या वेळी उत्तराच्या आधी अजिबात वेळ गेला नव्हता. माझ्या हातातला जिलबीचा बॉक्स एकदम जड झाला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा वर्षभर मागे लागला होता की आता एकटी राहू नकोस, इकडे ये. एजंटने विक्रीचा बोर्ड न लावताच घराला एक गिऱ्हाईक आणलं होतं आणि त्याला सोमवारपर्यंत सही हवी होती. मुलाने निर्णय त्यांच्यावर सोडला होता. त्यांचं मन होत नव्हतं आणि नाही म्हणायचा धीरही होत नव्हता. म्हणून त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. सांगितलं की खरं होईल, असं त्यांना वाटत होतं.

"जावं लागू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवला होता," वहिनी म्हणाल्या. "शनिवारी घरात येऊन बघते तर देव जागेवर. कोरडा. म्हटलं, उत्तर मिळालं. आज सकाळी सही केली."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मी जिलबीकडे बघत होते. मला वाटलं की देव आपणहून उठून जागेवर बसला असंच या भाबड्या बाईने धरलंय. जिने देव्हाऱ्याला कधी हात लावला नाही तिचा संशय यायचा कसा? खरं सांगायची ती वेळ होती. मी काढला, चुकून काढला, तुम्ही जाऊ नका, अशी तीनच वाक्यं होती. पण मला इतकी शरम वाटली की तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "बरं केलंत. मुलगा-नातवंडं तिकडे आहेत. बरंच झालं."

वहिनींनी मान हलवली. जिलबीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या की मऊ पडलीय.

त्या मे महिन्यात गेल्या. सामान बांधताना मी रोज होते. बॅगा मीच भरून दिल्या, ऑस्ट्रेलियात काय अडवतात आणि काय नाही ते मला पाठ. गणपती मात्र त्यांनी माझ्या हातात दिला. मी म्हटलं, घरचा देव असा देऊ नये. त्या म्हणाल्या, याला तिकडे नेला तर पिवळ्यांसाठी पाण्यात बसायला लावतील, हा आपल्या टीमचा आहे. स्वयंपाकघरात एका कोनाड्यात मी त्याला ठेवला. रोज येता-जाता तो दिसायचा आणि मी नजर चुकवायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला तेव्हा कळलं. वहिनींचे फोन यायचे. नातवाच्या शाळेबद्दल, तिथल्या हवेबद्दल आम्ही बोलायचो. ते वाक्य रोज माझ्या ओठांवर यायचं आणि मी भाजीचा भाव विचारायचे.

सीझन सुरू झाला. मी दोन्ही खुर्च्यांची मेंबरशिप घेतली होती. नवऱ्याला ये म्हटलं तर तो म्हणाला, क्रिकेट आहे. पहिली मॅच रविवारी दुपारी होती. कार पार्कमध्ये मी एकटीने थालीपीठ खाल्लं. आत जाऊन बसले, डावीकडच्या खुर्चीवर त्यांचा स्कार्फ ठेवला. मार्चमधल्या त्या शनिवारी ओला झालेला तो स्कार्फ मी त्यांना परत दिलाच नव्हता. मॅच सुरू व्हायच्या आधी मोठ्या पडद्यावर जुन्या चाहत्यांचे व्हिडिओ दाखवायला लागले. प्लंबर आला. अकरा मॅचवाल्या बाई आल्या. मग वहिनी आल्या, पर्स मांडीवर घेऊन. दुसऱ्या टीमचा मोह झाला का? त्यांनी पर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नो नो म्हणाल्या. पडद्यावर मोठा झालेला तो चेहरा मी आता नीट बघत होते. त्यात लोणचं-बिणचं काही नव्हतं. मला सोडून जावं लागेल हे माझ्यासमोर त्यांना बोलवत नव्हतं, एवढंच होतं.

मी तिथूनच फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. आधी विचारलं की पहिल्या पाचांत पाचवा कोण खेळतोय, आणि तो नवा मुलगा उतरवलाय का. मी म्हटलं, थांबा. म्हटलं, "वहिनी, त्या शनिवारी देव मी काढला होता."

गोंगाटात ऐकू यावं म्हणून मी दुसरा कान बोटाने बंद केला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सोंडेला हिरवी लव चिकटली होती. आणि वाडगा पालथा घातलेला. देव काय स्वतःचा वाडगा विसळून ठेवतो?"

"मग सही का केलीत?"

"टेबलावर कागद होते. म्हटलं, तू वाचलेस. तू आणि न वाचता राहशील? मला वाटलं, तू जा म्हणते आहेस. सोमवारी तू आल्यावर मी मुद्दाम तो विषय काढला. म्हटलं, बघू ही काय म्हणते. तर तू बरं केलंत म्हणालीस."

मला रडू आलं. शेजारचा माणूस बघायला लागला तरी ते थांबेना. मी म्हटलं की मी कागद वाचले नव्हते. मला वाटलं होतं, तुम्ही पिवळ्यांसाठी देव ठेवलाय.

पलीकडून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो मध्येच तुटला.

"सगळं आयुष्य दुसऱ्यांचं सामान उचकटलंस, आणि एकदा वाचायला हवं होतं तेच वाचलं नाहीस गं," त्या म्हणाल्या.

कोर्टवर रेफ्रीने बॉल वर टाकला. वहिनींनी विचारलं, कोणाकडे गेला? मी डोळे पुसून बघितलं आणि सांगितलं, आपल्याकडे. मग त्या म्हणाल्या की फोन बंद करू नकोस, खुर्चीवर ठेव. मी तो त्यांच्या स्कार्फवर ठेवला.